स्टेफी, मार्टिना आणि आत्या

२५ जानेवारी २०२५, शनिवार, दुपारचे दोन. ऑस्ट्रेलियन ओपनची महिलांची फायनल. आर्यना सबालेंका विरुद्ध मॅडिसन कीज. टीव्हीसमोर प्रेक्षक तीन: मी, माझी तेरा वर्षांची भाची आणि माझी आत्या (म्हणजे भाचीची आत्याआजी).

सबालेंका तिसऱ्या सेटमध्ये ५-७ अशी हरली. भाचीने उशी फेकली आणि जाहीर केलं, "हरली तरी काय झालं? ऑल टाइम ग्रेट तीच आहे. मामा, तुझ्या त्या स्टेफीला हिची एक तरी सर्व्हिस परत मारता आली असती का?"

आता बघा, माझ्यासमोर काहीही बोलावं, पण स्टेफीबद्दल नाही. मी म्हटलं, "स्टेफीची बावीस ग्रँड स्लॅम आहेत. हिची तीन. आधी मोजायला शिक."

आत्या भेंडी चिरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मार्टिना."

बास. एवढंच. पुढचा दीड तास आमच्या घरात जे झालं ते लालबागच्या कुठल्याही मंडळाच्या जनरल बॉडी मीटिंगला शोभलं असतं.

हे भांडण तसं जुनं आहे. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत राहायचो. दोन खोल्या, सात माणसं, आणि मजल्यावरचा पहिला कलर टीव्ही आमच्याकडे. विम्बल्डनची महिलांची फायनल शनिवारी असायची, आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दूरदर्शनवर. आत्या ऑफिसातून आली की तोंडावर पाणी मारून थेट टीव्हीसमोर. १९८८ ची फायनल मला लख्ख आठवते. मार्टिना नवरातिलोवा सलग सहा वर्षं विम्बल्डन जिंकलेली. पहिला सेट तिने घेतला, दुसऱ्यात २-० पुढे. आत्याने चहा टाकायला सांगितला. आणि मग ती एकोणीस वर्षांची पोनीटेलवाली जर्मन मुलगी सुटली. पुढच्या तेरा गेममधले बारा तिने जिंकले. ५-७, ६-२, ६-१. मी दहा वर्षांचा. त्या दिवसापासून मी स्टेफीचा. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

१९९० मध्ये मार्टिनाने नववं विम्बल्डन जिंकलं तेव्हा आत्याने अख्ख्या मजल्याला पणशीकरांकडचं पियूष पाजलं. मला पण दिलं. पण शेवटी.

असो. तर या वेळी मी ठरवलं की वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत, त्याचा घरात काहीतरी उपयोग व्हायला हवा. दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी, त्यात रविवार. परेड संपली आणि मी लॅपटॉप उघडला. "संध्याकाळपर्यंत उत्तर देतो," म्हटलं, "गणिताने. मग कुणी बोलायचं नाही."

नुसती ग्रँड स्लॅम मोजून काम होत नाही, हे मला माहीत होतं. मार्गारेट कोर्टची २४ आहेत, सर्वात जास्त. पण त्यातली १३ ही १९६८ च्या आधीची, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंना या स्पर्धांमध्ये प्रवेशच नव्हता त्या काळातली. शिवाय ११ ऑस्ट्रेलियात, आणि त्या काळी तिथवर जायचे कष्ट बाहेरच्या फार थोड्या जणी घ्यायच्या. उलट बाजू ख्रिस एव्हर्टची. ती १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात फायनल खेळली, त्यानंतर थेट १९८१ ला गेली. मधली तीन वर्षं, १९७६ ते ७८, फ्रेंच ओपनलाही गेली नाही, कारण अमेरिकेतली टीम टेनिसची लीग त्याच दिवसांत असायची. आणि मातीच्या कोर्टवर तर तेव्हा तिला कुणी हरवू शकत नव्हतं. सलग १२५ सामने! तिची १८ आहेत. ती गेली असती तर किती झाली असती? तेव्हा ग्रँड स्लॅम कुणी मोजतच नव्हतं हो. मोजायची सवय नंतर लागली आणि आपण ती फूटपट्टी मागच्यांना लावतो.

मग मी ईलो पद्धत घेतली. बुद्धिबळवाल्यांना माहीत असेल, अर्पाड ईलो नावाच्या प्राध्यापकाने काढलेली. सोपी आहे. प्रत्येकाने समान गुणांवर सुरुवात करायची, समजा १५००. तुम्ही मला हरवलंत की माझे काही गुण तुमच्याकडे जातात. मी तगडा असेन तर जास्त जातात, लिंबूटिंबू असेन तर कमी. दोघींत २०० गुणांचा फरक असेल तर वरचीने साधारण चारातले तीन सामने जिंकायला हवेत. बास, एवढंच. १९६८ पासूनच्या महिलांच्या सामन्यांचे निकाल जेफ सॅकमन या भल्या माणसाने नेटवर फुकट ठेवलेत. ते उतरवले, शंभर-सव्वाशे ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, रन केला.

पहिल्यांदा मार्टिना वर आली. तिचं १९८३ सालच असं आहे की काय बोलणार, ८७ सामने खेळली, त्यातला एक हरली. मी शांतपणे एक आकडा बदलला (एका सामन्यामागे जास्तीत जास्त किती गुण हलावेत, तो). परत रन केला. स्टेफी वर. मग प्रामाणिकपणे आणखी एकदा बदलला तर सेरेना वर. थोडक्यात काय, मला हवं ते उत्तर प्रोग्रॅम देत होता. ऑफिसात आम्ही याला ट्यूनिंग म्हणतो. घरी याला चीटिंग म्हणतात, हे भाचीने मागे उभं राहून मला सांगितलं.

पण खरी गोम वेगळीच आहे. समजा लालबागच्या कॅरम क्लबात एकाचे १८०० गुण आहेत आणि गिरगावच्या क्लबात दुसऱ्याचे १८००. दोन्ही क्लब एकमेकांशी कधीच खेळले नसतील तर त्या दोन १८०० चा आपसात काहीही संबंध नाही. लालबागचा १८०० फक्त एवढंच सांगतो की हा आपल्या क्लबातल्यांपेक्षा किती वर आहे. पिढ्यांचंही तेच. दुवा असतो, पण बारीक. सुझान लेंग्लेन आणि हेलन विल्स आयुष्यात एकदाच भेटल्या, १९२६ मध्ये कान इथे. एव्हर्ट आणि मार्टिना ८० वेळा. मार्टिना आणि स्टेफी १८ वेळा, नऊ-नऊ. (हे कळल्यावर आत्या खूश. मी पण.) स्टेफी आणि सेरेना फक्त दोनदा, दोन्ही १९९९ मध्ये, एक-एक. सेरेना ओसाकाकडून २०१८ च्या यूएस ओपन फायनलमध्ये हरली आणि त्याच स्पर्धेत ओसाकाने सबालेंकाला हरवलं होतं. अशी साखळी लागते खरी. पण एक जण मावळत असताना दुसरी उगवतेय अशा चार-दोन सामन्यांवर अख्खी पिढी तोलायची? त्यात लाकडी रॅकेट जाऊन ग्रॅफाइटची आली, तारा बदलल्या, विम्बल्डनचं गवतसुद्धा २००१ पासून बदललं.

आणि एक गोष्ट स्टेफीवाला म्हणून मला कबूल करायला जड जाते. ३० एप्रिल १९९३ ला हॅम्बुर्गला मोनिका सेलेसच्या पाठीत एका माथेफिरूने सुरी खुपसली. का, तर स्टेफी परत नंबर वन व्हावी म्हणून. सेलेस तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि आठ ग्रँड स्लॅम जिंकून बसली होती. ती दोन वर्षांहून जास्त खेळली नाही, आणि परत आली ती पूर्वीची नव्हती. स्टेफीच्या बावीसपैकी बरोबर निम्मी, अकरा, त्या दिवसानंतरची आहेत. यात स्टेफीचा काय दोष? काहीच नाही. पण प्रोग्रॅमला न झालेले सामने दिसत नाहीत. त्याला फक्त झालेले दिसतात.

पुढच्या शनिवारी हे सगळं मी आत्याला नीट समजावून सांगितलं. तिने चष्मा लावून स्क्रीनवरची यादी वरपासून खालपर्यंत बघितली. मग विचारलं,

"यात लीला राव कुठे आहे?"

मी म्हटलं, "कोण लीला राव?"

आत्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलं होतं, कोण लोकमान्य टिळक.

लीला राव आपल्या मुंबईची. जन्म १९११. १९३४ मध्ये विम्बल्डनला तिने ग्लॅडिस साउथवेलला तीन सेटमध्ये हरवलं. विम्बल्डनमध्ये सामना जिंकलेली पहिली भारतीय बाई. दुसऱ्या फेरीत इडा अ‍ॅडमॉफकडून हरली, तीसुद्धा तीन सेट खेळून. तिची आई म्हणजे पंडिता क्षमा राव, संस्कृत कवयित्री, गांधीजींच्या सत्याग्रहावर संस्कृतात काव्य लिहिणारी. आणि ही आई स्वतः टेनिस खेळायची! आत्याला हे तिच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, साठेक वर्षांपूर्वी. मला गूगलने सांगितलं, पाच मिनिटांपूर्वी.

"ती १९६८ च्या आधीची आहे गं. डेटाच नाही," मी म्हटलं.

"बरं. निरुपमा मांकड?"

निरुपमा मांकड, म्हणजे माहेरची निरुपमा वसंत. राष्ट्रीय विजेती. १९७१ मध्ये विम्बल्डनला आनंद अमृतराजबरोबर मिक्स्ड डबल्स खेळली. नवरा अशोक मांकड, म्हणजे विनू मांकडांची सून. तिचे वडीलही टेनिसपटू होते. शोधलं, पण माझ्या यादीत तिचे सामने नव्हते. मी फक्त सिंगल्सची फाइल उतरवली होती.

"माझ्याच वयाची आहे ती," आत्या म्हणाली. "सत्तेचाळीसचा जन्म."

आणि मग तिने जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

आत्या शाळेत टेनिक्वाईट खेळायची, म्हणजे आपलं रिंग टेनिस. एवढं मला माहीत होतं. तिची दोन पदकं चाळीतल्या फळीवर असायची. त्यात रबराची रिंग एका हाताने झेलायची आणि त्याच हाताने लगेच परत टाकायची, थांबायचं नाही. त्यामुळे सगळा खेळ पायांचा. आत्या आंतरशालेय स्पर्धा जिंकली, लागोपाठ दोन वर्षं. त्याच बाईंना वाटलं, ही पोर टेनिस खेळेल. त्यांच्या ओळखीच्या एक बाई एका जिमखान्याच्या मेंबर होत्या. त्या आत्याला एक दिवस पाहुणी म्हणून घेऊन गेल्या. आत्या सोळा वर्षांची. परकर-पोलक्यातून नुकतीच साडीत आलेली, म्हणून मैत्रिणीचा शाळेचा फ्रॉक मागून नेलेला. रॅकेट त्या बाईंची.

"चाळीस मिनिटं खेळले," आत्या म्हणाली. "पहिली दहा मिनिटं सगळे बॉल बाहेर. मग कळलं, रिंगसारखंच आहे, आधी पाय पोचले पाहिजेत. मग यायला लागले बॉल आत. त्या बाई म्हणाल्या, परत ये."

"मग?"

"मग काय? मेंबर नसताना परत कशी जाणार? आणि रॅकेट? दादांचा पगार होता किती? मी मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले, परळच्या मिलच्या ऑफिसात लागले. नंतर कधीतरी संध्याकाळी चौपाटीवरून चालत जायचे आणि कुंपणातून बघायचे. रखवालदार पण ओळखायला लागला होता."

ती मिल १९८२ च्या संपानंतर बंद झाली. आत्या पुढे फोर्टात एका ऑफिसात लागली, तिथूनच रिटायर झाली. आम्ही आज लालबागला ज्या टॉवरमध्ये राहतो तिथून तिच्या मिलची जागा दिसते. हे सगळं तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही हं. भाजीत मीठ कमी पडलं हे जसं सांगावं तसं सांगितलं.

रात्री मी परत लॅपटॉप उघडला, पण कोड बघवेना. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. या यादीतल्या एकूण एक बायकांच्या मागे कुणीतरी होतं ज्याने लहानपणी हातात रॅकेट दिली. स्टेफीला वडिलांनी. एव्हर्टचे वडील कोच. मार्टिनाची आजी टेनिस खेळायची. लीला रावची आई, निरुपमाचे वडील. सानिया मिर्झा जन्माने मुंबईची, वाढली हैदराबादला. तिलाही वडिलांनीच घडवलं, आणि ती २००७ मध्ये सिंगल्समध्ये २७ वी आणि २०१५ मध्ये डबल्समध्ये जगात पहिली झाली. ज्यांच्या घरी पैसे नव्हते त्यांच्यासाठी निदान कोर्ट तरी होतं. बिली जीन किंग लाँग बीचच्या सार्वजनिक कोर्टवर शिकली, सेरेना आणि व्हीनस कॉम्प्टनच्या. तिथे मेंबर आहेस का असं कुणी विचारत नाही.

आपण पिढ्यांची तुलना करतो तेव्हा वरच्या दहा नावांची करतो. पण चॅम्पियन किती मोठी, हे ती कुणाकुणाला हरवून आली यावर ठरतं. आणि हरवायला समोर कोण येऊ शकलं, हे रॅकेट, कोर्ट आणि वेळ कुणाकडे होता यावर. १९३४ मध्ये मुंबईतल्या किती मुलींच्या हातात रॅकेट होती? एखाद्या डॉक्टरच्या घरातल्या, एखाद्या बॅरिस्टरच्या. आज त्याहून खूप जास्त आहेत, माझी भाची धरून; ती शनिवार-रविवार सकाळी दादरला कोचिंगला जाते आणि आम्ही फी भरतो. म्हणून सबालेंकाची तेव्हाची तीन आणि कोर्टची चोवीस ही एकाच तराजूतली वजनं नाहीत. यात कोर्ट लहान होत नाही. तिच्यासमोर जेवढ्या आल्या तेवढ्यांना तिने हरवलं, आणि कुणाच्याही हातात एवढंच असतं.

८ फेब्रुवारीला, म्हणजे त्याच्या पुढच्या शनिवारी, आम्ही तिघं टॅक्सीने चर्चगेटला गेलो. सीसीआयमध्ये मुंबई ओपन चालू होती. २०१७ मध्ये सबालेंका एकोणीस वर्षांची असताना हीच स्पर्धा याच क्लबच्या कोर्टवर जिंकून गेली होती. भाचीला हे सांगितल्यावर ती जमिनीकडे अशा भक्तिभावाने बघायला लागली की चपला काढते की काय असं वाटलं.

सेमीफायनलला कोइमतूरची माया राजेश्वरन होती. वय पंधरा. पात्रता फेरीतून वर आलेली. समोर स्वित्झर्लंडची जिल टाइखमन, अनुभवी आणि डावखुरी. डावखुरी म्हटल्यावर आत्याची थोडी पंचाईत झाली, कारण मार्टिना पण डावखुरी. पण पाच मिनिटांत ती मायाच्या बाजूने झाली.

माया दोन सेटमध्ये हरली. टाइखमन दुसऱ्या दिवशी स्पर्धाच जिंकली, त्यामुळे त्यात काही लाज नव्हती. पण सामना चालू असताना मी जास्त वेळ आत्याकडेच बघत होतो. ती बॉलकडे बघतच नव्हती. खाली, मायाच्या पायांकडे बघत होती, आणि प्रत्येक शॉटला तिच्या चपलेतला उजवा पाय किंचित हलत होता.

"पोचतेय," मध्येच ती म्हणाली. "बघ, पोचतेय ती."

बाहेर पडताना भाचीने विचारलं, "आत्याआजी, तुला खेळायला मिळालं असतं तर तू मार्टिना झाली असतीस?"

आत्या हसली. "छे गं. दुसऱ्या फेरीत हरले असते." मग थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "पण पहिली जिंकले असते."

त्या रात्री मी प्रोग्रॅममध्ये शेवटचा बदल केला. खेळाडूंच्या फाइलमध्ये एक ओळ हाताने वाढवली. नाव: आत्या. देश: भारत. जन्म: १९४७. सामने: शून्य. रन केला. ईलोच्या नियमाने, जिचा एकही सामना झाला नाही तिचे गुण १५००. मार्टिनाने, स्टेफीने, सेरेनाने जिथून सुरुवात केली तेच.

सकाळी आत्याला दाखवलं. तिने चष्मा लावला, यादीत आपलं नाव शोधलं आणि विचारलं, "आणि मार्टिना किती?"

मी आकडा सांगितला. तिने मान डोलावली. "मग बरोबर आहे तुझा प्रोग्रॅम," म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

(तुमच्या घरी कोण? स्टेफी, मार्टिना, की सेरेना? विचारून बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला आधी विचारा.)